फुकटचा कॉल फुकटात मिळालेला नाही

आजची पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा आत्याकडे गेलो होतो. माझा आत्येभाऊ शारजात असतो, एकोणीस वर्षं झाली. आत्याने कपाट उघडलं, एक छोटी डबी काढली आणि विचारलं, "बाबू, हे कार्ड फोनात नसेल तर त्याचं व्हॉट्सॲप बंद होणार म्हणतात. खरं काय रे?" डबीत भावाचं इथलं सिम. बँकेचा ओटीपी यावा म्हणून ते इथेच ठेवलेलं आणि रिचार्ज मारायचं काम माझ्याकडे. त्याचं व्हॉट्सॲप याच नंबरावर, पण फोन तिकडे आणि सिम इथे.

दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला आदेश काढला. ज्या नंबरावर मेसेजिंग ॲपचं खातं आहे, ते सिम त्या फोनमध्ये असायला हवं आणि कंपन्यांनी ९० दिवसांत तशी सोय करायची. कारण दिलंय ऑनलाइन फसवणुकीचं. ते कारण खोटं नाही, आपल्याच तालुक्यात किती जणांचे पैसे गेले ते मी बातम्या करून थकलोय. पण आत्याला उत्तर देताना पंचवीस-तीस वर्षांचा सगळा हिशोब डोळ्यांपुढे आला. आपल्या माणसाशी बोलायला कोणती तार वापरायची, किती वेळ आणि किती पैशात, हे नेहमी दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं. आणि आपण दर वेळी पळवाट काढली.

आमचे आतोबा मस्कतला होते तेव्हाची गोष्ट. परदेशी फोनचा सगळा कारभार एकट्या विदेश संचार निगमकडे. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये काचेच्या खोलीत आत्या रिसीव्हर धरायची आणि मी बाहेरून लाल आकड्यांचं मीटर बघायचो. माझं काम एकच, आकडा ठरलेल्या रकमेजवळ आला की काचेवर टकटक करायची. कितीदा तरी तिचं "तब्येत कशी आहे" विचारून होईपर्यंत टकटक व्हायची. मग बोलायचं राहिलेलं सगळं कॅसेटमध्ये. टेपरेकॉर्डरवर अख्खी बाजू भरून बोलायचं आणि गावातलं कोणी तिकडे निघालं की त्याच्या बॅगेत टाकायची. आज पोरं ज्याला व्हॉइस नोट म्हणतात ती आमच्याकडे तेव्हाही होती, फक्त पोचायला महिना लागायचा.

१५ ऑगस्ट १९९५ ला याच विदेश संचारने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तंत्र म्हणून पाहिलं तर नेटवरून बोलणं तेव्हाही शक्य होतं. आवाजाचे तुकडे करून पाठवायचे आणि पलीकडे जोडायचे, एवढंच. पण नियमाने ते बंद होतं. तसे फोन लावून देणाऱ्या साइटही अडवल्या जायच्या. रस्ताही ज्याचा आणि टोलही ज्याचा, तो फुकटची पायवाट कशाला सोडेल? निगमची परदेशी कॉलवरची मक्तेदारी मार्च २००२ अखेर संपली आणि १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली. हा योगायोग नाही. ती परवानगीही अर्धीच. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला, पण संगणकावरून देशातल्या फोनवर नाही. देशातल्या कंपन्यांचा धंदा सांभाळायचा होता ना!

मोबाईलचंही तेच. सुरुवातीला आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, ते १ मे २००३ पासून थांबले. त्यानंतर मिस्ड कॉलचं राज्य आलं. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू लाव. कोणी शिकवलं नाही, तरी सगळ्या महाराष्ट्राला ती भाषा यायची. मग एसएमएसचे पॅक आले, पण दिवाळी आणि एकतीस डिसेंबरला पॅक चालायचे नाहीत, शुभेच्छेला पूर्ण दर. २०११ च्या सप्टेंबरात ट्रायने जाहिरातींचा त्रास थांबवायला म्हणून एका सिमवर दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली, पुढे ती २०० केली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवांमुळे पुणे-बंगळूरहून ईशान्येकडची मुलं घाबरून गावी निघाली, तेव्हा काही दिवस मर्यादा थेट पाचवर आली. अफवा थांबवायला हवीच होती, वाद नाही. पण तेव्हापर्यंत पोरांनी नोकियाच्या फोनवर निंबझ आणि व्हॉट्सॲप टाकलेलं होतं. एसएमएसवरचं प्रत्येक कुंपण लोकांना ॲपकडे ढकलत होतं.

याच काळात आत्याला शारजाहून फोन यायचा आणि नंबर दिसायचा भलत्याच जिल्ह्यातला. ती म्हणायची, "हा कुठे फिरतोय?" ती सिम बॉक्सची करामत. कॉल इंटरनेटवरून भारतात आणायचा आणि इथल्या एखाद्या सिममधून लोकल म्हणून पुढे सोडायचा. तिकडे स्वस्तातलं कार्ड घेणाऱ्याला यातलं काही कळायचं नाही. काम पूर्ण बेकायदा, आणि अशी केंद्रं पकडल्याच्या बातम्या अजून येतात.

आता मुद्द्याची गोष्ट, २०१४-१५ ची. हा इतिहास आपण साफ विसरलो.

१० नोव्हेंबर २०१४ पासून स्काइपने भारतातून भारतातल्याच मोबाईल आणि लँडलाइनवर कॉल करायची सोय बंद केली. डिसेंबरात एअरटेलने जाहीर केलं की नेटवरचे कॉल नेहमीच्या डेटा पॅकमध्ये धरणार नाही. थ्रीजीवर १० केबीला ४ पैसे, टूजीवर १० पैसे. मी तेव्हा हिशोब केला होता. मिनिटाला अर्धा एमबी धरला तर थ्रीजीवर दोन रुपये, म्हणजे साध्या कॉलपेक्षा महाग! डेटाचे पैसे एकदा घेतलेच होते. त्याच डेटात गाणं ऐकलं तर एक दर आणि आईचा आवाज ऐकला तर दुसरा. दळण दळून घेतल्यावर गिरणीवाल्याने विचारावं की भाकरी करणार की घावणे, आणि त्यावर दर लावावा, तसलं हे. ओरड झाली आणि आठवड्याभरात कंपनीने निर्णय मागे घेतला, पण ट्राय काय म्हणते ते पाहू असं सांगून.

ट्रायचा कागद आला २७ मार्च २०१५ ला. ११८ पानं, २० प्रश्न, सगळं जड इंग्रजीत. नेटवरून कॉल आणि मेसेज देणाऱ्या ॲपना लायसन्स लावायचं का, त्यांनी कंपन्यांना पैसे द्यायचे का, असे प्रश्न. नेमकं त्याच सुमारास व्हॉट्सॲपचं कॉलिंग अँड्रॉइडवर सगळ्यांना मिळू लागलं होतं. आधी तर ज्याच्याकडे ते सुरू आहे त्याने तुम्हाला कॉल केला तरच तुमचं सुरू व्हायचं. आठवतंय का? लोक एकमेकांना "मला एक कॉल कर ना" म्हणत फिरत होते.

काही तरुणांनी सेव्ह द इंटरनेट नावाची मोहीम काढली, त्या २० प्रश्नांची उत्तरं सोप्या भाषेत तयार केली, एआयबीच्या विनोदी पोरांनी व्हिडिओ केला. २४ एप्रिलच्या मुदतीपर्यंत ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. सरकारी कागदाला एवढी उत्तरं! ट्रायने नंतर ते सगळे ईमेल लोकांच्या पत्त्यांसकट साइटवर टाकले, तो वेगळाच घोळ.

आणि मी? तेव्हा मी जिल्हा आवृत्तीत होतो. बातमी एजन्सीकडून आली होती. मी ती आतल्या पानावर दोन परिच्छेदांत लावली. वाटलं, हे मुंबई-पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांचं प्रकरण, आपल्याकडे पाण्याच्या टँकरची बातमी मोठी. ईमेलही पाठवला नाही. तालुक्यातल्या निम्म्या वाड्यांत कोणी ना कोणी आखातात, आणि ज्या गोष्टीवर त्यांच्या आयांचं बोलणं अवलंबून होतं ती मला आतल्या पानाची वाटली. ही चूक माझी, कबूल करतो.

त्याच वर्षी जुलैत दूरसंचार विभागाच्या समितीने अहवाल दिला. इंटरनेट सर्वांना समान ही भूमिका चांगली, मेसेज मोकळे, परदेशी कॉलही मोकळे, पण देशांतर्गत नेट कॉल साध्या कॉलसारखे नियमात आणा, असा. म्हणजे धोका गेलेला नव्हता. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकूर बघून डेटाचा वेगळा दर लावायला बंदी घातली, मोडल्यास दिवसाला ५० हजार दंड. फेसबुकची फ्री बेसिक्स योजना त्यातच गुंडाळली गेली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, त्यांनी साधा कॉलच डेटावरून चालवला आणि फुकट केला. बरेच लोक म्हणतात, नेट कॉल जिओमुळे वाचला. मला हे अर्धसत्य वाटतं. जिओ येण्याआधी सात महिने नियम झाला होता. तो नसता तर पुढे कोणत्याही कंपनीला व्हॉट्सॲप कॉलचा वेगळा मीटर लावता आला असता.

नियम नसला की काय होतं ते आत्येभावाला विचारा. अमिरातीत एतिसलात आणि डू या दोनच कंपन्या. नेटवरून कॉल द्यायचा तर तिथला परवाना लागतो. व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, फोटो जातो, कॉल जात नाही. बोटिमसारखं परवान्याचं ॲप घ्या, वर महिन्याचं पॅक. काही जण व्हीपीएन लावतात, पण २०१६ मध्ये कायदा कडक झाला, व्हीपीएन वापरून गुन्हा केला तर दंड पाच लाख दिरहमपासून पुढे. पगारदार माणूस कशाला धोका घेईल? कोविडमध्ये झूम, टीम्स तात्पुरती उघडली, व्हॉट्सॲप कॉल नाहीच. सौदीने मात्र २०१७ च्या सप्टेंबरात बंदी उठवली.

आपल्याकडेही विषय मिटलेला नाही. २०२० मध्ये ट्राय म्हणाली, सध्या ॲपना वेगळे नियम नकोत. २०२३ च्या जुलैत पुन्हा नवा कागद काढला, तेच प्रश्न. आता सिमचा आदेश. फसवणूक करणाऱ्याला पकडायलाच हवं, पण परदेशातल्या आपल्या माणसांचं काय, हे त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं? या वेळी मी दूरसंचार विभागाला ईमेल केलाय, आत्याची अडचण लिहून. कोणाला हवा असेल तर मराठी-इंग्रजी दोन्ही मसुदे कमेंटमध्ये मागा, देतो.

आणि एक काम. गावातलं कोणी येत्या पंधरा दिवसांत शारजा किंवा दुबईला निघणार असेल तर मला सांगा. एक डबी पाठवायची आहे.