मॅकमधल्या पेंग्विनची सोंगं

एका लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदवायच्या म्हटलं की लोक आधी डिस्कवरची जागा मोजतात. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. बटण दाबल्यापासून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जागा होईपर्यंतच्या काही सेकंदांत सगळी सत्ता फर्मवेअर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमकडे असते. साध्या पीसीवर तो फारशा चौकशा करत नाही. ॲपलच्या यंत्रात मात्र तो घरचाच, आणि परक्याला दारात उभं करायची त्याला सवय नाही. म्हणून मॅकवर लिनक्स कसं आलं याची कुळकथा सांगायची तर बहुरूप्याची सोंगंच एकामागून एक सांगावी लागतात.

गंमत अशी की पहिलं आमंत्रण ॲपलनेच दिलं होतं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं ते इंटेलच्या ३८६ चिपसाठी. मॅक तेव्हा वेगळ्याच जातीच्या चिपवर चालत. १९९६ मध्ये ॲपलने ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संशोधन संस्थेला हाताशी धरून पॉवर मॅकसाठी ‘एमकेलिनक्स’ काढलं. त्यात लिनक्स थेट यंत्रावर नव्हतं, ‘माक’ या मायक्रोकर्नलच्या पाठीवर बसलेलं होतं. दोनच वर्षांत ॲपलने ते स्वयंसेवकांच्या हवाली केलं. तोवर पॉल मॅकेरस आणि इतरांनी माक मध्ये न घालता लिनक्स या मॅकच्या पॉवरपीसी चिपवर आणलंच होतं.

त्या यंत्रांतलं ‘ओपन फर्मवेअर’ दिसायला देखणं आणि वागायला बेभरवशाचं. त्याच्या नादी लागण्यापेक्षा बेंजामिन हेरेनश्मिटने ‘बूटएक्स’ लिहिलं. आधी मॅक ओएस सुरू व्हायची, आणि ती पुरती उठायच्या आत एक खिडकी विचारायची: मॅक की लिनक्स? लिनक्स म्हटलंत की बूटएक्स कर्नल मेमरीत चढवून चालू असलेल्या मॅक ओएसचाच काटा काढायचं. हे नाव लक्षात ठेवा, हेरेनश्मिट पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९९८ चा आयमॅक आणि त्यामागून आलेली आयबुक, पॉवरबुक यांत ओपन फर्मवेअर सुधारलं. आता ते डिस्कवर एक फोल्डर शोधायचं, ज्याला ॲपलने ‘आशीर्वाद’ दिलेला आहे. हा शब्द माझा नाही, ॲपलच्या परिभाषेतलाच. हेरेनश्मिटच्याच ‘याबूट’ या बूटलोडरसाठी मग डिस्कवर जेमतेम ८०० केबीचा एक मॅक पद्धतीचा तुकडा पाडला जाई, त्यातल्या फोल्डरला परस्पर आशीर्वाद दिला जाई, आणि तुकड्याचा प्रकार असा लिहिला जाई की मॅक ओएसच्या नजरेस तो पडूच नये. नजरेस पडला तर आशीर्वाद काढून घेतला जायची भीती. हे जमलं की लॅपटॉप चालू करताना पडद्यावर दोन ओळी येत: लिनक्ससाठी ‘एल’ दाबा, मॅकसाठी ‘एक्स’. अर्थात तिथवर पोचण्यासाठी सहसा सगळी डिस्क पुसून नव्याने वाटण्या कराव्या लागत. आणि लिनक्स उठलं तरी ॲपलच्या एअरपोर्ट एक्स्ट्रीमची वायफाय मुकीच, कारण तिच्या ब्रॉडकॉम चिपची माहिती कोणी देत नव्हतं. शेवटी एका गटाने मूळ ड्रायव्हर उलगडून नुसतं वर्णन लिहिलं, आणि दुसऱ्याने त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही फाळणी. तो ड्रायव्हर कर्नलमध्ये आला २००६ च्या जूनमध्ये, म्हणजे पॉवरपीसी मॅकचे दिवस भरत आले तेव्हा!

कारण त्याच वर्षी जानेवारीत इंटेलचे मॅक आले. चिप पीसीचीच, मग अडचण कसली? पण ॲपलने पीसीचं जुनं फर्मवेअर, बायोस, न घेता ईएफआय हे नवं घेतलं होतं, आणि विंडोज एक्सपीला ते समजत नव्हतं. एक्सपी मॅकवर चालवून दाखवणाऱ्यासाठी हौशी लोकांनी वर्गणी काढून १३ हजार डॉलरहून मोठं बक्षीस लावलं. मार्चमध्ये दोघांनी ते पटकावलं. ५ एप्रिलला ॲपलने स्वतःच ‘बूट कॅम्प’ बाहेर काढलं. त्यामुळे मॅक ओएस चालू असताना, काही न पुसता डिस्कची वाटणी करता येऊ लागली, आणि त्यासोबतच्या फर्मवेअरने बायोसची नक्कलही शिकून घेतली.

सोय विंडोजसाठी होती, तिचा फायदा लिनक्सच्या पेंग्विनने उचलला. ऑप्शन की दाबून मॅक चालू केला की उबुंटू या लिनक्सच्या डिस्कखाली नाव उमटायचं ‘विंडोज’! कित्येकांनी वर्षानुवर्षं त्या नावावर निमूटपणे क्लिक केलं. या सोंगाची किंमतही होती: एकाच डिस्कवर वाटण्यांच्या दोन याद्या, एक नवी आणि एक जुन्या वळणाची. दोघींचा मेळ चुकला की डेटा गेलाच म्हणायचा. क्रिस्टोफ फिस्टररच्या ‘रीफिट’सोबत दोन्ही याद्या जुळवणारं अवजार येई, आणि त्याच्या मेनूत लिनक्सला अखेर स्वतःचं चित्र मिळालं. पुढे २०१२ मध्ये कर्नल स्वतःच ईएफआयमधून उठायला शिकला, रॉड स्मिथचं ‘रीफाइंड’ आलं, आणि विंडोजचा मुखवटा उतरला.

सोंग मात्र सुटलं नाही. दोन ग्राफिक चिप असलेल्या मॅकबुक प्रोमध्ये, येणारी सिस्टिम मॅक ओएस नाही असं दिसलं की फर्मवेअर इंटेलची काटकसरी चिप बंद करून टाकतं आणि बॅटरी भराभर उतरते. उपाय? बूट होताना फर्मवेअरला सांगायचं की मी मॅक ओएस आहे. कर्नलमध्येही असाच एक सराईत खोटेपणा कायमचा बसला आहे: ॲपलचं यंत्र ‘तू डार्विन (म्हणजे मॅक ओएसचा गाभा) आहेस का?’ असं विचारतं, आणि लिनक्स बेधडक ‘हो’ म्हणतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. ॲपलच्या टी२ या सुरक्षा चिपने त्यात डिजिटल सहीची भर घातली. २०१८ च्या मॅकबुक प्रोमध्ये ही चिप आली आणि सहीशिवाय काही उठेनासं झालं. विंडोजवरची मायक्रोसॉफ्टची सही चालायची. पण लिनक्सचे बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या ज्या दुसऱ्या प्रमाणपत्राने सही होतात, ते ॲपलने मान्य केलं नाही. सुरक्षा पूर्ण बंद करणं एवढाच मार्ग उरला, आणि तसं करून आत गेलं तरी लिनक्सला आतली एसएसडी दिसेना, कारण टी२ तिच्याशी नेहमीच्या एनव्हीएमई रिवाजाने बोलत नव्हती. २०१९ मध्ये लिनक्स ५.४ ने ही गाठ सोडवली. पॅच कोणाचा? बेंजामिन हेरेनश्मिटचा.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलची एम१ चिप आली तेव्हा बऱ्याच जणांनी हात टेकले होते. पण या चिपवरच्या मॅकमध्ये सुरक्षेचा दर्जा अख्ख्या यंत्राला लागू नसून प्रत्येक सिस्टिमला वेगळा असतो. मॅक ओएस पूर्ण बंदोबस्तात राहू शकते आणि शेजारच्या व्हॉल्यूमवर मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर आपला कर्नल ठेवायचा. त्यासाठी पॉवरचं बटण दाबून धरून रिकव्हरीत शिरायचं आणि पासवर्ड द्यायचा. ॲपलने हे दार चुकून उघडं टाकलं असं मला वाटत नाही. मॅक ओएस १२.१ मध्ये तर मॅकच्या साच्यात नसलेला कर्नलही बसवता येईल अशी सोय तिने गुपचूप केली. मदत मात्र तेवढीच. कागदपत्रं शून्य.

हेक्टर मार्टिनने सुरू केलेल्या ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पाने बाकीचं उकरून काढलं. त्यांचा एम१एन१ हा छोटा प्रोग्रॅम मॅक ओएसला आपल्या पोटात घेऊन चालवतो, आणि ती कोणत्या पत्त्यावर काय लिहिते ते टिपून ठेवतो. मार्च २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आली. तिचं इन्स्टॉलर मॅकच्या टर्मिनलमधूनच चालतं, चालू सिस्टिमला आक्रसवून जागा करतं, आणि आधी सुमारे अडीच जीबीची एक मॅक ओएस बसवतं. ती सुरू करायची नसतेच. पण बूटच्या यादीत मॅक ओएसखेरीज कोणाला जागा नाही, म्हणून तिच्या नावावर लिनक्सने राहायचं. अलिसा रोझेनझ्वाइग आणि ‘असाही लीना’ या नावाने वावरणारी व्यक्ती यांनी ग्राफिक्स उलगडलं. सर्वांत शेवटी जमलेल्या गोष्टींत स्पीकर होते. कॉइल किती तापली याचा हिशेब ॲपल सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. तो न ठेवता आवाज मोठा केला तर स्पीकर जळू शकतात. म्हणून हिशेबनीस प्रोग्रॅम आधी लिहिला, आवाज मग दिला.

३१ जुलै २०२२ ला टोरवाल्ड्सने लिनक्स ५.१९ जाहीर केलं ते एम२ मॅकबुक एअरवरून, असाहीच्या आधाराने. ॲपलचं यंत्र लिनक्सच्या कामाला घेण्याची ही आपली तिसरी खेप, असं त्याने त्यात लिहिलं: आधी पॉवरपीसी, मग इंटेलचं मॅकबुक एअर, आता हे. यावर खरं काम मात्र अजून केलेलं नाही, फक्त चाचणीपुरतं बूट करून पाहिलं आणि आवृत्तीवर शिक्का मारला, हेही त्याने सांगून टाकलं.