गोंदणाला सावली कोठून आली?

कलेचा इतिहास म्हणजे केवळ राजांनी बांधलेल्या देवळांचा इतिहास नव्हे. माणसाने स्वतःच्या कातडीवर काय रेखले, हाही त्याचाच एक अध्याय आहे. हल्ली दंडावर असा कोळी गोंदतात की, तो आता चालू लागेल असे वाटावे. सपाट कातडीवर ही खोली येते कोठून, एवढाच प्रश्न आज आम्ही विचारास घेतला आहे.

आरंभ अंबरनाथच्या शिवालयापासून करू. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातील. या भूमिज शैलीच्या देवळाची भिंत सरळ नाही. ती कोनाकोनांनी पुढेमागे होत जाते. ऊन पडले की एक कड उजळते आणि शेजारची खाच काळवंडते. खोली खरीच आहे. पण दुरून ती डोळ्याला कळते ती छायाप्रकाशामुळे. सारे मर्म येथेच आहे. खाच न खोदता नुसती तिची छाया रंगवली, तरी डोळा खाच आहे असेच मानतो.

चित्रकारांना हे फार पूर्वी उमगले होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत नाकाचा उंचवटा उजळ ठेवून व कडा गडद करून चेहऱ्याला गोलाई दिलेली दिसते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र या छायांकनाला ‘वर्तना’ म्हणते व तिचे तीन प्रकार सांगते. त्यांतला एक ‘बिंदुज’, म्हणजे ठिपक्यांनी साधलेला. गोंदणाऱ्याची विद्या या एका शब्दात आली. सुई ठिपकाच देते. ठिपके दाट तेथे अंधार, विरळ तेथे मंद छाया, आणि मुळीच नाहीत तेथे मोकळी कातडीच प्रकाशाचे काम करते. शेवटी आकृतीच्या बाजूला पडछाया टाकली की कोळी अंगापासून सुटलेला भासतो.

मग आपल्या आज्यांच्या गोंदणात ही छाया का नव्हती? एक कारण साधनांचे. काजळी आणि हाताने टोचायच्या सुया. छायेला तर असंख्य ठिपके हवेत. एडिसनने १८७६ साली विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले, आणि तिच्याच धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१ साली गोंदणयंत्राचे. त्यानंतर हे काम सुकर झाले.

परंतु दुसरे कारण अधिक खोल आहे. कपाळावरची चंद्रकोर किंवा हातावरची तुळस हे चित्र नव्हे, ती खूण होय. दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी बायकांची श्रद्धा. घरदार मागे राहते म्हणजे काय, हे फाळणीनंतर सिंधमधून कल्याणच्या छावणीत आलेल्या आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या वस्तीला सांगावयास नको. खुणेला भास नको असतो. ओळख पटली की पुरे.

शिवाय कातडी जिवंत आहे. वर्षे लोटतात तशी शाई पसरते, नाजूक छाया एकमेकींत मिसळतात. ठसठशीत रेघ मात्र टिकते. म्हणून नव्या कारागिराच्या कसबाला मान देताना जुन्याला अडाणी म्हणू नये. बदलापूरच्या आसपासच्या ठाकरवाड्यांत एखाद्या म्हातारीच्या हातावर असे गोंदण दिसले, तर तिच्या संमतीने ते कागदावर उतरवून घ्यावे व त्याचा अर्थ तिलाच विचारावा. अंबरनाथचा लेख दगडावर आहे. हा लेख माणसाबरोबर जातो.