महादेवाच्या डोंगरावर इतवारीची रसद

आषाढ सरता सरता नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारातून इतवारीच्या किराणा ओळीत शिरले, म्हणजे कणकेच्या गोण्या, रव्या-बेसनाची पोती, तेलाचे डबे आणि पोह्यांची बारदाने अशा बेताने मालमोटारीत चढताना दिसतात, की एखाद्या लग्नघराचा सरंजाम असावा असे वाटते. परंतु हा सगळा माल महाराष्ट्राची सीमा ओलांडून, सौंसर-छिंदवाड्यावरून घाट चढत, अडीचशे किलोमीटरांवरील पचमढीस जाणार असतो. नागपंचमीपूर्वी तेथे नागद्वाराची यात्रा भरते आणि तिला येणाऱ्या भाविकांच्या जेवणाचा भार नागपूर-विदर्भातील मंडळे स्वखुशीने उचलतात. पचमढीत येऊन ‘येथील खास पदार्थ कोणता?’ असे विचारणाऱ्या प्रवाशाने माझ्या मते आपली चौकशी याच ओळीपासून सुरू करावी. कारण या डोंगरावर परक्यांनी जे खाल्ले, ते बहुतांशी खालूनच वर गेलेले आहे.

डोंगराचे स्वतःचे अन्न नव्हते असे मात्र नव्हे. गोंड आणि कोरकू हे तेथील मूळचे रहिवासी. रान तोडून, जाळून, त्या राखेत ते कोदो-कुटकी पेरीत, आणि तेवढ्यावर वर्ष निभत नसे म्हणून मोहाची फुले, चारोळी, मध व कंदमुळे यांच्यावर उरलेली गुजराण करीत. १८१८ साली इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले याच महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांच्या आश्रयास राहिले. पक्वान्नांस सरावलेल्या त्या पदच्युत राजाच्या पुढ्यात तेव्हा काय वाढले गेले, हे बखरकारांनी टिपून ठेवावयास हवे होते. परंतु आपल्या इतिहासाला लढायांची जेवढी गोडी आहे तेवढी ताटाची नाही. कोदोचा भात आणि मोहाची दारू यांखेरीज त्या रानात यजमानांजवळ देण्यासारखे फारसे काही नसावे, एवढा तर्क मात्र करता येतो.

पुढे १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर ही त्याची राजधानी झाली, आणि दुसऱ्याच वर्षी चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या अमदानीत कॅप्टन जेम्स फोर्सिथ पचमढीच्या पठारावर येऊन पोहोचला. त्याने तेथे बांधलेला ‘बायसन लॉज’ हा बंगला आजही उभा आहे. नागपूरचा वैशाख साहेबांना सोसवेना, म्हणून उन्हाळ्यात सरकारचा मुक्काम पचमढीस हलविण्याचा शिरस्ता पडला. दफ्तरांच्या पेट्यांबरोबर खानसामे, बटलर आणि कारकूनही वर चढू लागले. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरावरून जोडला गेल्यावर पिपरिया स्टेशनातून साहेबी जिन्नस पोहोचविणे सोपे झाले. हा सारा स्वयंपाक कँटोनमेंटच्या कोणत्याही बंगल्यात शिजला असता, तसाच येथे शिजला. १९५६ च्या प्रांतरचनेत नागपूरची राजधानी गेली, तसा नागपूर आणि पचमढी यांमधला हा सरकारी संबंधही सुटला.

सुटला नाही तो महादेवाचा. महाशिवरात्रीस पचमढीजवळच्या चौरागडाच्या शिखरावर नवसाचे त्रिशूळ खांद्यावरून वाहून नेणारा वऱ्हाडी-नागपुरी शेतकरी इंग्रजांच्या पूर्वीपासून ही वाट चालत आला आहे. जुन्नारदेवाजवळ ‘पहिली पायरी’ म्हणून जे स्थान दाखवितात, तेथून खरी यात्रा सुरू होते अशी श्रद्धा आहे. रस्ते होण्याआधी बैलगाड्या, मग इतवारीवरून छिंदवाड्यास जाणारी नॅरोगेजची गाडी, आणि २०१५ मध्ये तीही रुंदीकरणासाठी बंद झाल्यावर गणेशपेठेतून सुटणाऱ्या एस. टी. गाड्या, असा प्रवास बदलत गेला. शिदोरी मात्र फारशी बदलली नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ, फुटाणे, मुरमुरे, लसणाची कोरडी चटणी, सातूचे पीठ : वाटेत पाणी मिळाले की भागेल, चूल पेटली तर बरेच, असा तिचा हिशेब. या जत्रेत पटकीने माजविलेल्या हाहाकाराचे वर्णन फोर्सिथने केले आहे. ते वाचले म्हणजे घरचे कोरडे अन्न बांधून नेण्याच्या या रिवाजात किती शहाणपण होते, ते ध्यानी येते.

मुक्कामी चूल पेटली, की रोडगे. जाडसर कणकेचे घट्ट गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजावेत, राख झटकून फोडावेत, वर तुपाची धार सोडावी आणि वरणाबरोबर किंवा वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खावेत. तवा नको, पोळपाट नको. त्यामुळे यात्रेकरूला याहून सोयीचे अन्न सुचणे कठीण. नागद्वाराच्या वाटेवरील मंडळांच्या मंडपांत आता रोडग्यांऐवजी पुरी-भाजी, शिरा आणि सकाळी तर्री-पोहे असतात. ही वाट व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून जाते आणि वर्षातून मोजकेच दिवस उघडते; तेवढ्या दिवसांत, भर पावसात, चिखल तुडवीत आलेल्या अनोळखी माणसाला जात किंवा गाव न विचारता तर्री वाढली जाते. पचमढीतील सर्वोत्तम भोजनालय कोणते, असे मला कोणी विचारलेच तर मी या ताडपत्रीच्या मंडपांकडे बोट दाखवीन. बाजारातील हॉटेलांत उत्तरेकडची पनीरची भाजी, दक्षिणेकडचा डोसा आणि गुजराती थाळी मिळते. त्यांत गैर काही नाही, पण ती कोठेही मिळते.

राहता राहिले कोदो-कुटकी. चारोळी फार पूर्वीच डोंगर उतरून आमच्या बासुंदी-श्रीखंडांत मानाने जाऊन बसली. कोदोच्या वाट्याला तो मान आला नाही. गरिबाचे धान्य म्हणून हॉटेलवाल्यांनी ते शिजविले नाही आणि प्रवाशांनी मागितले नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून त्याची बिस्किटे आणि आकर्षक पुडे शहरी दुकानांत दिसू लागले आहेत, वैद्यही ते मधुमेह्यांस सुचवितात. पचमढीच्या बाजारात मात्र कोदोचा ऊन भात मिळेल का असे विचारले, तर वाढपी अजूनही हसून पनीरचीच यादी पुढे करतो.