गृहसंगणकाची पुनर्निवड

घरात मेजावर ठेवून वापरावयाचा संगणक जुना झाल्यावर त्याच्या जागी कोणता घ्यावा, हे ठरविण्याच्या क्रियेस गृहसंगणकाची पुनर्निवड म्हणता येईल. वेग, स्मृती व किंमत यांचा विचार या निवडीत सर्वत्रच होतो. मराठी घरांत मात्र त्याबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहिला. जुन्या यंत्रावर देवनागरीत लिहून ठेवलेला मजकूर नव्या यंत्रावर वाचता येईल काय, हा तो प्रश्न होय. पुण्याच्या कसबा पेठेसारख्या, घर आणि व्यवसाय एकाच छपराखाली नांदत आलेल्या वस्तीच्या संदर्भात त्याचे स्वरूप चांगले कळते.

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. मुठा नदीकाठच्या या वस्तीत लाल महाल, कसबा गणपतीचे मंदिर व तांबट आळीसारख्या कारागिरांच्या आळ्या आहेत. तांब्या-पितळेचे भांडे जुने झाले, तर त्याचे पोचे काढावयाचे, कल्हई करावयाची आणि अगदीच निकामी झाले, तर ते मोड म्हणून घालून त्याच्या वजनाचे पैसे नव्या भांड्याच्या किंमतीतून वळते करून घ्यावयाचे, ही रीत जुनी आहे. भांड्याचे मोल धातूत असल्याने त्या व्यवहारात फारसे काही गमावले जात नाही. संगणकाला हा हिशेब लागू पडत नाही. त्याचे खरे मोल आत साठविलेल्या मजकुरात असते. मंडळाचा अहवाल, लग्नपत्रिकेचा मसुदा, घराण्याची वंशावळ किंवा आजोबांच्या आठवणी एकदा वाचता येईनाशा झाल्या, की त्यांचे मोल कोणत्याही दुकानात भरून मिळत नाही.

ऐतिहासिक आढावा : आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. भारत सरकारने १९८४ मध्ये जाहीर केलेल्या संगणक धोरणामुळे सुटे भाग व यंत्रे यांची आयात सुलभ झाली आणि त्याच धर्तीची यंत्रे येथेही जोडली जाऊ लागली. तथापि या यंत्रांना केवळ रोमन लिपीच येत होती. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांसाठी विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्र, १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) या संस्थेने पुढे नेले. जिस्ट कार्ड संगणकाच्या मुख्य फलकावरील खाचेत बसविले, की पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. म्हणजे या काळात लिपी एका सुट्या भागात वसत होती. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या प्रकारची खाच नव्या फलकांवरून नाहीशी होत गेली आणि चांगले चालणारे कार्डही निरुपयोगी ठरू लागले.

विंडोज प्रणालीचा प्रसार झाल्यावर लिपी कार्डातून निघून टंकांत आली. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम इ. साधने घरगुती अक्षरजुळणीत रूढ झाली. या टंकांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत आणि प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी असे. त्यामुळे मूळ टंक नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांच्या रांगांसारखा दिसे. काही व्यावसायिक साधनांसोबत संगणकाच्या मागील जोडणीत बसविण्याचे छोटे कुलूप येई. ते नसल्यास साधन चालत नसे. आणि ज्या समांतर जोडणीत ते बसे, ती नव्या यंत्रांतून कालांतराने गेली.

कळफलकाची इन्स्क्रिप्ट ही प्रमाण मांडणी १९८६ मध्ये व माहितीच्या देवाणघेवाणीसाठीची भारतीय लिपिसंकेतावली १९९१ मध्ये ठरली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला. मात्र घरगुती यंत्रापर्यंत हा लाभ सावकाश पोहोचला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. विंडोज एक्सपीत (२००१) ती मुद्दाम चालू करावी लागे. २००७ मधील व्हिस्टापासून ती आपोआप मिळू लागली.

निवडीतील विचार : पहिला विचार यंत्र खरोखर बदलावयास हवे काय, हा होय. तारीख व वेळ वारंवार चुकत असल्यास बहुधा फलकावरील लहान विद्युत् घट संपलेला असतो. मंदपणा असल्यास स्मृती वाढविणे व फिरत्या चकतीऐवजी घनस्थिती साठवण बसविणे, एवढ्यानेही यंत्र काही वर्षे चालते.

दुसरा विचार प्रणालीच्या आयुष्याचा. निर्मात्याचे नियमित साहाय्य विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० व विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय व ठराविक पिढीपुढील प्रक्रियक आवश्यक आहे. त्यामुळे झिजलेली नसलेली अनेक यंत्रे केवळ या अटींमुळे बाद ठरतात. अशा यंत्रांवर लिनक्स बसविण्याचा मार्ग राहतो.

तिसरा विचार मजकुराचा व तो यंत्र घेण्यापूर्वीच करणे इष्ट असते. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो; परंतु तो तपासावा लागतो. जुन्या मांडणीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदविली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांसारखी अक्षरे यांतही चुका राहतात. हे काम मूळ टंक असलेले यंत्र चालू असेपर्यंतच सोपे असते. नवीन यंत्र घरात आले की जुने लगेच मोडीत काढण्याची घाई येथे महागात पडते.

विल्हेवाट : जुन्या काचनळीच्या दर्शकात शिसे असते, म्हणून तो सामान्य भंगारात टाकणे घातक होय. ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम भारतात १ मे २०१२ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम अंमलात आहेत. यंत्र अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे देण्यापूर्वी त्यातील साठवण चकती काढून ठेवणे किंवा तिच्यावरील मजकूर पूर्णपणे पुसणे आवश्यक असते.

विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी लिपी व्यवहारातून गेली, तेव्हा रुमालांत बांधलेली कागदपत्रे शाबूत राहिली. वाचणारे मात्र विरळ झाले. जुन्या टंकांत अडकलेल्या मराठी मजकुराची अवस्था तशीच होऊ शकते. फरक एवढाच, की कागद शतकभर वाट पाहू शकतो. चुंबकीय चकतीला तितकी सवड नसते.