मोटारगाडीची बॅटरी बदलणे

मोटारगाडीची बॅटरी बदलणे म्हणजे गाडीतील निकामी झालेली १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी काढून तिच्या जागी योग्य मापाची व क्षमतेची नवी बॅटरी बसवणे होय. हे काम साध्या हत्यारांच्या साहाय्याने घरच्या घरी करता येते. मात्र बॅटरीत शिसे व सल्फ्यूरिक आम्ल असते आणि तिच्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो. त्यामुळे जोडण्या सोडवण्याचा व लावण्याचा क्रम, तसेच जुन्या बॅटरीची विल्हेवाट या दोन बाबी या कामात सर्वाधिक महत्त्वाच्या ठरतात.

इतिहास

पुन्हा प्रभारित (चार्ज) करता येणारा शिसे-आम्ल घट फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची पद्धत शोधली व अशा घटांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले. आरंभीच्या मोटारी पुढील बाजूस लोखंडी हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिल्यास चालकाचा हात मोडण्याचे प्रसंग येत. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत बसवण्यात आला आणि त्यानंतर बॅटरी हा मोटारीचा अविभाज्य भाग बनला. प्रारंभी ६ व्होल्टच्या बॅटऱ्या प्रचलित होत्या. १९५० च्या दशकापासून १२ व्होल्टच्या बॅटऱ्या रूढ झाल्या.

रचना व कार्य

मोटारीच्या बॅटरीत एकसरीत जोडलेले सहा घट असतात. प्रत्येक घटाचा विभव सुमारे २.१ व्होल्ट असल्यामुळे पूर्ण प्रभारित बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. धनपट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋणपट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये विरल सल्फ्यूरिक आम्ल अशी तिची रचना असते. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते व आम्ल अधिक विरल होते. प्रभारणाच्या वेळी ही क्रिया उलट दिशेने घडते.

बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू होतानाच्या काही क्षणांचे असते. त्या वेळी स्टार्टर शंभराहून अधिक, मोठ्या इंजिनांत कित्येक शे अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर गाडीला वीज पुरवतो व बॅटरीही पुन्हा प्रभारित करतो.

निकामी होण्याची कारणे

भारतात मोटारीची बॅटरी साधारणपणे तीन ते पाच वर्षे टिकते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिल्यास बॅटरी हळूहळू उतरते आणि पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात. यास सल्फेशन म्हणतात. असे स्फटिक प्रभारणाने सहसा पूर्ववत होत नाहीत.

थंडीमुळे बॅटरी खराब होते, असा समज आढळतो. वस्तुतः तिचे अधिक नुकसान उष्णतेने होते. उष्णतेमुळे धनपट्टीची जाळी लवकर गंजते व आम्लातील पाणी कमी होते. त्यामुळे विदर्भासारख्या, उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाणाऱ्या प्रदेशात बॅटरीचे आयुष्य घटते. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातील तेल दाट होते आणि स्टार्टरला अधिक शक्ती लागते. म्हणून वैशाख वणव्यात दुबळी झालेली बॅटरी अनेकदा पौषातल्या एखाद्या पहाटे दगा देते.

निदान

किल्ली फिरवल्यावर इंजिन रेंगाळत फिरणे, केवळ टकटक आवाज येणे, हॉर्न क्षीण वाजणे आणि गाडी सुरू करताना दिवे मंदावणे ही बॅटरी अशक्त झाल्याची लक्षणे होत. तथापि हीच लक्षणे सैल किंवा गंजलेल्या जोडणीमुळेही दिसतात. त्यामुळे नवी बॅटरी घेण्यापूर्वी पुढील तपासण्या कराव्यात.

• अग्रांवर (टर्मिनलांवर) पांढरा वा हिरवट-निळा थर असल्यास तो स्वच्छ करून जोडण्या घट्ट कराव्यात.
• गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटरने विभव मोजावा. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण प्रभार, १२.२ व्होल्ट म्हणजे सुमारे निम्मा आणि १२ व्होल्टच्या खाली म्हणजे बॅटरी जवळपास उतरलेली.
• इंजिन चालू असताना विभव साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. तो १२.६ च्या वर जात नसेल, तर दोष बहुधा अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात असतो; अशा वेळी नवी बॅटरीही लवकरच उतरते.

नव्या बॅटरीची निवड

बॅटरीची क्षमता अँपिअर-तास या एककात मोजतात. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान गाड्यांत ती सुमारे ३५ अँपिअर-तास असते. डिझेल गाड्यांना अधिक क्षमता लागते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले माप, क्षमता व प्रकार पाहावेत. क्षमतेइतकीच अग्रांची मांडणीही महत्त्वाची असते. एकाच मापाच्या बॅटऱ्या धन अग्र डावीकडे किंवा उजवीकडे अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. चुकीची मांडणी घेतल्यास तारा पोहोचत नाहीत किंवा उलट जोडल्या जाण्याचा धोका उद्भवतो. खरेदीच्या वेळी उत्पादनाची तारीख पाहावी व हमीपत्रावर विक्रीची तारीख नोंदवून घ्यावी.

पद्धत

पाना (बहुतेक वेळा १० मिलिमीटरचा), रबरी हातमोजे, संरक्षक चष्मा, तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा व पेट्रोलियम जेली हे साहित्य पुरेसे असते. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे.

१. गाडी सपाट व हवेशीर जागी उभी करून इंजिन, दिवे व इतर उपकरणे बंद करावीत, किल्ली काढावी व हातब्रेक लावावा. जवळ विडी, सिगारेट वा ज्योत नसावी.
२. धन (+) व ऋण (−) अग्रे ओळखावीत. धन अग्र सहसा किंचित जाड असते व त्यावर बहुधा तांबडे आवरण असते. जोडण्यांचे छायाचित्र घेणे उपयुक्त ठरते.
३. प्रथम ऋण अग्राची तार सोडवावी व ती परत अग्राला टेकणार नाही अशी बाजूला ठेवावी. त्यानंतर धन अग्राची तार सोडवावी.
४. बॅटरी घट्ट धरणारी पट्टी काढून बॅटरी सरळ उचलावी. तिचे वजन दहा किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्याने कमरेतून न वाकता गुडघे वाकवून उचलावी. बॅटरी तिरकी करू नये.
५. तारांची टोके व बैठक सोड्याच्या पाण्याने धुऊन, ब्रशने घासून कोरडी करावीत.
६. नवी बॅटरी बैठकीवर ठेवून पट्टी आवळावी. बॅटरी हलत राहिल्यास आतील पट्ट्या लवकर झिजतात.
७. प्रथम धन व शेवटी ऋण तार जोडावी. नट घट्ट करावेत, पण अतिरेकी जोर लावू नये. शिसे मऊ असल्याने अग्र मोडू शकते. शेवटी अग्रांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

क्रमाचे महत्त्व

आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण अग्र गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी जोडलेले असते. म्हणजेच ऋण तार लावलेली असेपर्यंत सारा सांगाडा ऋण अग्राचाच विस्तार असतो. अशा स्थितीत धन अग्र सोडवताना पान्याचे दुसरे टोक बॉनेटखालील धातूच्या कोणत्याही भागास लागले, तर मंडल पान्यातूनच पूर्ण होते. शेकडो अँपिअर प्रवाह वाहून पाना क्षणात तापतो व ठिणग्या उडतात. हायड्रोजनचे हवेतील प्रमाण सुमारे ४ टक्के असले तरी तो पेट घेऊ शकतो. त्यामुळे बॅटरीजवळची ठिणगी स्फोटास कारणीभूत ठरू शकते. ऋण तार आधी काढली, की सांगाड्याचा बॅटरीशी संबंध तुटतो आणि पाना सांगाड्यास लागला तरी मंडल पूर्ण होत नाही. जोडताना ऋण तार शेवटी लावण्याचे कारणही हेच. मात्र दोन्ही अग्रांना एकाच वेळी पाना लागणे कोणत्याही क्रमात धोक्याचेच असते. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन अग्र सांगाड्याशी जोडलेले असे. तेथे हा क्रम उलटा होतो. नियम असा, की सांगाड्याशी जोडलेले अग्र आधी काढावे व शेवटी जोडावे.

तारा उलट जोडल्यास अल्टरनेटरमधील डायोड व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकतात. इंजिन चालू असताना बॅटरी काढणेही त्याच कारणाने टाळावे.

आधुनिक गाड्यांतील मर्यादा

बॅटरी काढल्यावर घड्याळ, रेडिओ व काचांच्या यंत्रणेतील नोंदी पुसल्या जातात. काही रेडिओ पुन्हा सुरू करण्यास सांकेतिक क्रमांक लागतो. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाड्यांना विशेष प्रकारची बॅटरी लागते आणि काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते. विद्युत व संकरित (हायब्रिड) गाड्यांतील उच्च विभवाची बॅटरी घरी हाताळू नये.

प्रथमोपचार

आम्ल त्वचेवर पडल्यास ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहून तातडीने डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात सोड्याचे पाणी घालू नये.

जुन्या बॅटरीची विल्हेवाट

निकामी बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे व त्याच्या संयुगांचा असतो. हे शिसे पुन्हा वापरता येते, म्हणून जुनी बॅटरी परत दिल्यास विक्रेते नवीच्या किमतीत सूट देतात. भंगारात गेलेली बॅटरी मात्र पुष्कळदा उघड्यावर फोडली जाते, आम्ल जमिनीत ओतले जाते आणि शिसे भट्टीत वितळवले जाते. त्याची धूळ व धूर आसपासच्या वस्तीत पसरतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक असून त्याचे सुरक्षित मानावे असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही. भारतात २००१ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादक व विक्रेत्यांवर टाकली. त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली असून पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे जुनी बॅटरी घरी साठवू नये, कचऱ्यात टाकू नये किंवा तिचे आम्ल गटारात ओतू नये. ती न उघडता, उभ्या स्थितीत अधिकृत विक्रेत्याकडे परत द्यावी व त्याची नोंद पावतीवर करून घ्यावी.