गेममधला गायक आणि गेमचा संगीतकार

एप्रिल २०२०. आम्ही पनवेलात घरात कोंडलेलो आणि तिकडे ट्रॅव्हिस स्कॉटने फोर्टनाइटमध्ये कॉन्सर्ट केली. एकाच वेळी १ कोटी २३ लाख खेळाडू हजर!

पण हे काही नवीन नाही बरं का. १९८२ मध्ये अटारी २६०० वर 'जर्नी' या रॉक बँडचा गेम आला होता. बँडमधल्या पाच जणांना चाहते आणि फोटोग्राफर यांच्या गराड्यातून सोडवायचं, एवढंच काम. १९९० मध्ये सेगाच्या 'मूनवॉकर'मध्ये मायकल जॅक्सन नाचून गुंडांना लोळवायचा. म्हणजे गायकाचा चेहरा गेम विकायला कायम कामी आला.

आता आपल्याकडचं बघा. २०२० मध्येच पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, देव, असुर, राजस्थानी धाटणीचे महाल. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं, आणि ते झकास जमलंय. पण 'राजी' खेळलेल्या किती जणांना हे नाव माहितीये?

मी कोड लिहितो, त्यामुळे पडद्यामागे राहणं म्हणजे काय ते कळतं. पुढच्या वेळी गेम संपला की श्रेयनामावली स्किप करू नका. दोन मिनिटं थांबा, नावं वाचा.