गाडी किती बसावी?

आमच्या घुग्घुसला एखाद्या गाडीचा "मागचा शॉकप बसला" म्हटलं की समजायचं, मालकाच्या खिशाला चाट. तेल गळतंय, स्प्रिंग दमलीये, डबलसीट घेतलं की मडगार्ड चाकाला घासतंय. थोडक्यात काय, तर बसणं म्हणजे बिघाड! मोटोक्रॉसवाले मात्र आपली गाडी नेमकी किती बसते हे टेप लावून मोजतात, आणि पुरेशी बसत नसेल तर ती बसेपर्यंत शर्यतीला उतरत नाहीत. या मापाला ते 'सॅग' म्हणतात. या मापाची गोष्ट मोठी मजेची आहे आणि ती आपल्या कोळशाच्या रस्त्यापर्यंत येते. (घरच्या मंडळींनी शेवटचा भाग तरी वाचाच.)

सुरुवातीच्या बहुतेक मोटरसायकलींना मागे स्प्रिंग नसेच. चाक थेट सांगाड्याला आवळलेलं, आणि स्प्रिंग काय ती सीटखाली. २९ मार्च १९२४ ला इंग्लंडात कॅम्बर्ली इथे टेकाडं-चिखलातून एक 'स्क्रॅम्बल' झाली, तिथून मोटोक्रॉस सुरू झालं असं मानतात. त्या काळचे स्वार पायांवर उभे राहून गचके सोसत. म्हणजे शॉकप म्हणजे माणसाचे गुडघे!

मग १९४८ साली इटलीत सान रेमोला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तिथे रॉयल एन्फिल्डने मागे हलता चिमटा आणि दोन शॉकप असलेल्या नव्या गाड्या उतरवल्या आणि सुवर्णपदकं मिळवली. पुढच्या वर्षी हीच गाडी 'बुलेट' म्हणून बाजारात आली आणि १९५५ पासून मद्रासला जुळू लागली. आपल्याकडे फौजेत आणि पोलिसांत रुबाबाने फिरलेल्या बुलेटचा मागचा चिमटा असा आडरानातल्या शर्यतीतून आला आहे.

तेव्हा मागचं चाक जेमतेम दोन-तीन इंच वरखाली व्हायचं. त्यातलं गाडी किती बसते, याची फिकीर कोण करणार? ही फिकीर सुरू झाली ती लुसियाँ टिल्केन्स या बेल्जियन गृहस्थांमुळे. मुलगा मोटोक्रॉस खेळायचा, म्हणून वडिलांनी दोन शॉकप काढून सीट-टाकीखाली एकच लांबलचक शॉकप आडवा बसवला. सुझुकीच्या स्वारांनी तो चालवून पाहिला, पण कंपनीने घेतला नाही. यामाहाने घेतला. १९७३ साली हाकान अँडरसनने त्याच जोरावर २५० सीसीचं जगज्जेतेपद यामाहाला मिळवून दिलं. मग स्पर्धाच लागली. कावासाकीने १९८० मध्ये, होंडा आणि सुझुकीने १९८१ मध्ये आपापल्या जोडदांड्यांच्या रचना आणल्या आणि चाकाची चाल तीनशे मिलिमीटरच्या घरात गेली. म्हणजे जवळजवळ एक फूट!

एवढी चाल हाती आल्यावर प्रश्न पडला : स्वार बसल्यावर गाडी त्यातल्या कुठल्या जागी उभी असावी? अगदी वर ठेवली तर उंचवटा सोसायला भरपूर जागा, पण खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच नाही. चाक क्षणभर हवेत. शिवाय मागचं ढुंगण वर आल्याने पुढचा भाग खडा होतो आणि वेगात हँडल थरथरतं. फार बसवली तर पुढचं चाक हलकं पडतं आणि वळण सुटतं. अनुभवाने उत्तर ठरलं ते साधारण एक तृतीयांशाचं, म्हणजे तीनशेत शंभर मिलिमीटर.

मोजायची रीत आपल्या अंगणातही जमेल अशी आहे. गाडी उचलून मागचं चाक हवेत ठेवा, एक्सलपासून वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत माप घ्या. समजा ६०० मिमी. आता स्वार हेल्मेट-बुटांसकट बसवा, परत मोजा : ५००. म्हणजे शंभर बसली. कमी-जास्त असेल तर स्प्रिंगवरचा नट फिरवायचा. मग स्वाराला उतरवून नुसत्या गाडीचं माप घ्यायचं. ती स्वतःच्या वजनाने तीस-चाळीस मिमी बसायला हवी. इथे एक गंमत आहे. स्वारासह शंभर बरोबर आलं, पण नुसती गाडी दहाच मिमी बसली, तर आपण म्हणू स्प्रिंग फार कडक. खरं तर ती स्वाराला फार मऊ आहे! मऊ आहे म्हणून शंभर गाठायला ती खूप आवळावी लागली, आणि आवळल्यामुळे रिकामी गाडी वरच राहिली. नट आवळून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. तिथे कमानीएवढ्या उड्या मारणाऱ्या गाड्यांमागे हीच टेप होती. आणि टिल्केन्सचा तो एकटा शॉकप आर१५, एफझी१६ अशा गाड्यांमधूनही आपल्या गल्लीबोळांत आला.

आता घरच्यांसाठी. तुमच्या साध्या गाडीच्या मागच्या शॉकपलाही बहुधा पाच खाचा असतात. चंद्रपूरला दोघं आणि वर तांदळाचं पोतं घेऊन जाताना वरची खाच लावता, ते योग्यच. नाही लावली तर हेडलाइट आभाळाकडे बघतो. पण पोतं उतरल्यावर खाच तशीच राहते, वर्षानुवर्षं. "कडक करून घेतली, आता बसत नाही", हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. मग एकट्याने परतताना, कोळशाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर, मागचं चाक खड्ड्यात उतरतच नाही. ते त्याच्यावरून उडत जातं. नेमका तेव्हाच समोरच्या ट्रकने ब्रेक मारला आणि तुम्हीही मारला, तर हवेतल्या चाकाचा ब्रेक काय कामाचा?

टूलकिटमध्ये यासाठी बहुधा आकडीचा पाना असतो. मिनिटभराचं काम आहे. आमचे मावसभाऊ रोज पहाटे अंधारात याच रस्त्याने ड्यूटीवर जातात, त्यांच्या गाडीपासून सुरुवात करू. येत्या रविवारी टेप मी आणतो, बसायला वहिनींना बोलवू. डबलसीटचंही माप हवंच.